आबांच्या आवाजाची खोली

माझे सासरे हिंदुराव खराडे स्वतः एकही मोठी कुस्ती जिंकले नव्हते, पण आमच्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात त्यांच्याशिवाय कुस्तीचं मैदान भरत नसे. ते निवेदक होते. माईक हातात आला की दिवस कलेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. कोण मल्ल कुठल्या तालमीचा, त्याच्या चुलत्यानं कुणाला आस्मान दाखवलं होतं, त्याच्या घरची म्हैस किती दूध देते, सगळं तोंडपाठ. घरातही तोच पट्टा चालू. मी लग्न होऊन पलूसला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भाकरी थापण्याचं निवेदन केलं होतं. "केतकीनं पीठ घेतलंय, डावा हात मजबूत हाय, पर कडा फाटली, कडा फाटली, भाकरी चितपट!" मला तेव्हा चांगलाच राग आला होता. आता तेच पुन्हा ऐकायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

या माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. बाकी सगळं शाबूत होतं. ऐकू येत होतं, कळत होतं, टीव्हीवरच्या कुस्तीत कुणी चुकीचा डाव टाकला की कपाळाला आठी पडत होती. फक्त शब्द बाहेर येत नव्हता. लिहून दाखवा म्हणावं तर शाळा चौथीत सुटलेली, लिहिणं सहीपुरतं, आणि आता तो हातही गेलेला. मान हलवून हो किंवा नाही, एवढंच त्यांच्याकडे उरलं.

मिरजेच्या एका इस्पितळात तेव्हा 'वाचासेतू' बसवायला लागले होते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे थोडं समजावून सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आपण बोलायचं ठरवलं की मेंदूचा एक पट्टा जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सोडतो. झटक्यानं हुकमाची वाट तुटते, पण हुकूम सोडणारा पट्टा शाबूत राहू शकतो. त्या पट्ट्यावर शस्त्रक्रिया करून नखाएवढी तारांची जाळी ठेवतात. जाळी हुकूम टिपते आणि कानामागच्या डबीला देते. डबी ते नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवते. सर्व्हरवरची प्रणाली त्यातून शब्द ओळखते आणि ते शब्द गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून माणसाच्या स्वतःच्या आवाजात बाहेर पडतात. आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवतात, आणि आबांची ध्वनिमुद्रणं तर गावोगावच्या मोबाईलमध्ये पडलेली होती. हे सगळं गणित डबीतच का करत नाहीत, असं माझी मुलं वर्गात विचारतात. गणित प्रचंड असतं. डबी तापून कान भाजेल.

डॉक्टर निलोफर मुजावरांनी यंत्र सुरू केलं त्या दिवशी आबांचा पहिला शब्द होता, "च्या." चहा दिला, तर म्हणाले, "साकर कमी." धैर्यशील, म्हणजे माझा नवरा, दाराआड जाऊन रडून आला आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगू लागला.

पण एक अडचण होती. आवाज यायचा तो उशिरा. एरवी अर्धा क्षण, आणि रविवारी सकाळी तर बोललेलं वाक्य चहाचा घोट संपल्यावर ऐकू यायचं. जेवताखाताना चालून गेलं. आबांना मात्र मैदानात जायचं होतं. एका जत्रेत समितीनं त्यांना मानानं बोलावलं. खाली पट काढून मल्ल मोकळा झाला, जिंकलेला गडी माती झटकत उभा राहिला, हलगी वाजून थांबली, आणि मग कर्ण्यातून आबांचा आवाज आला, "चितपट!" लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. आबा घरी आले आणि यंत्र असूनही चार दिवस बोलले नाहीत.

आता धैर्यशीलबद्दल सांगायला हवं. सर्व्हरची जागा भाड्यानं घेऊन तिथं लोकांचं काम चालतं ठेवायचं, हाच त्याचा धंदा. पतसंस्था, शाळा, दूधसंघ, दोन-तीन साखर कारखाने, सगळ्यांच्या वेबसाइट तो सांभाळतो. हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यानं मुंडावळ्यांखालून एका पतसंस्थेचा सर्व्हर चालू करून दिला होता, ही आमच्याकडे अजून सांगण्याची गोष्ट आहे. त्यानं आबांच्या डबीचा माग काढला आणि दुसऱ्या दिवशी सोप्यात आबांसमोर बसला.

"आबा, तुमचा आवाज सध्या धर्मशाळेत राहतोय," तो म्हणाला. "इस्पितळानं सगळ्या पेशंटांना एकाच यंत्रावर, एकाच खोलीत झोपवलंय. शेअर्ड म्हणतात त्याला. रविवारी सगळ्यांच्या लेकी फोन करतात, सगळे एकदम बोलायला लागतात, आणि तुम्हाला पाय पसरायला जागा राहत नाही."

"मंग?" आबा म्हणाले. थोड्या वेळानं, अर्थात.

"आपण स्वतंत्र खोली घ्यायची. व्हीपीएस."

"म्हंजी आख्खी इमारत घ्यायची?"

"नाही, इमारत तीच. एकाच मोठ्या यंत्राचे आतून भिंती घालून भाग पाडतात. प्रत्येक भागाला वाटतं आपणच आख्खं यंत्र आहोत. आपल्या वाट्याची मेमरी, आपल्या वाट्याचा प्रोसेसर. शेजारी कितीही कोकलू दे, आपला वाटा आपल्यालाच. शिवाय आतली मांडणी आपल्या मनासारखी. इस्पितळात कशाला हात लावू देत नाहीत."

आबांनी विचार केला. "झाडलोट कुनी करायची?"

"आपली आपण करायची."

"आपन म्हंजी कोन?"

"मी आहे की," धैर्यशील म्हणाला.

गिऱ्हाईक आलं की धैर्यशील नेहमी सांगायचा, की साध्या वेबसाइटला शेअर्ड पुरे, उगाच मोठेपणा करू नये. दुसऱ्यांच्या गर्दीनं आपलं काम अडायला लागलं किंवा आपल्याला काही वेगळं बसवायचं असलं, तरच व्हीपीएस घ्यावा, आणि तोही सांभाळणारा जाणता माणूस घरात असेल तर. आमच्याकडे तीनही गोष्टी होत्या. डॉक्टर मुजावरांनी थोडी कुरकुर केली, मग धैर्यशीलचा धंदा कळल्यावर सही दिली. दसऱ्याच्या दिवशी आबांचा आवाज नव्या खोलीत राहायला गेला. मी धैर्यशीलच्या लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता.

हलवल्यावर धैर्यशीलनं दोन कामं केली. पहिलं, स्नॅपशॉट घेतला. म्हणजे आख्खा सर्व्हर त्या क्षणी जसा आहे तसाच्या तसा साठवून ठेवला. पुढं काही बिघडलं तर त्यावरून मागं जाता येतं. बदल करण्याआधी स्नॅपशॉट, ही त्यांच्या धंद्यातली पहिली सवय. आमच्या प्लॅनमध्ये एकच ठेवता यायचा आणि एक पुरतो असं तो म्हणाला. मग त्यानं दुसरं काम केलं. मनातला शब्द खरंच बोलायचा आहे की नुसता डोक्यात आलाय, याची खात्री होईपर्यंत इस्पितळाची प्रणाली थांबायची. ते थांबणं त्यानं जवळजवळ काढून टाकलं.

आबा सुटले. मी शाळेला निघण्यापूर्वी रोज सकाळी त्यांच्याबरोबर सरावाला बसायचे. जुन्या कुस्त्या आवाज बंद करून लावायचो आणि ते निवेदन करायचे. सलामी, खडाखडी, एकेरी पट, ढाक, घिस्सा. पहिल्या महिन्यात अडखळायचे. संक्रांतीपर्यंत डाव आणि शब्द बरोबर पडायला लागले. शिमग्याला तर ते मल्लाच्या आधीच डाव सांगून मोकळे होत. प्रणाली रोज त्यांना शिकत होती, आपोआप. धैर्यशीलला सर्व्हरला हात लावायची वेळच आली नाही. "इतकं शांत मशीन माझ्याकडं दुसरं नाही," असं तो कौतुकानं म्हणायचा.

चैत्रात वाळेवाडीच्या जत्रेचं मैदान होतं. मोठं मैदान. समितीनं गाडी पाठवली. आबांना फेटा बांधला, चाकाच्या खुर्चीत बसवून मातीच्या कडेला नेलं, आणि धैर्यशीलनं त्यांचा आवाज सरळ कर्ण्यांना जोडला. तो शेजारच्या मांडवात लॅपटॉप घेऊन बसला. मी खुर्चीमागं उभी होते.

पहिले दोन तास मी विसरणार नाही. आबा पूर्वीसारखेच बोलत होते. खोटं कशाला, पूर्वीपेक्षाही चांगले. शब्द डावाच्या अंगाला अंग लावून धावत होते आणि माणसं मल्लांना सोडून आबांकडं बघत होती. एक म्हातारे पैलवान येऊन त्यांच्या पायाला हात लावून गेले. मला वाटलं, आता या माणसाचं काही वाकडं होत नाही.

मग जत्रा समितीचे अध्यक्ष बोलायला उठले. ते देवस्थानापासून सुरू होऊन कालव्याच्या पाण्यावर आले, आणि तेवढ्यात कर्ण्यातून आबांचा आवाज घुमला, "किती बोलतंय ह्ये बेनं. मानसं उनात वाळाय लागली."

सगळ्या मैदानात हशा फुटला. शिट्ट्या, टोप्या उडाल्या. मी आबांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. त्यांना ते बोलायचं नव्हतं. मनात आलं आणि बाहेर पडलं. "म्या न्हाई... आरं थांबीव..." हेसुद्धा कर्ण्यातूनच आलं आणि लोक आणखी हसले. अध्यक्ष लाल होऊन खाली बसले. समितीनं घाईनं नंबर एकची कुस्ती लावली, म्हणजे निदान विषय तरी बदलावा.

एका मल्लाचा बाप मातीच्या कडेनं त्याच्याबरोबर पळत होता. हातवारे करत, ओरडत, पोराचा प्रत्येक डाव स्वतःच्या अंगावर घेत. आबा त्या बापाकडं बघत राहिले. निवेदन थांबलं आणि कर्ण्यातून हळू आवाज आला.

"नाव ठेवलं धैर्यशील. धा वर्साचं आनलं हुतं तालमीत. माती बघूनच रडाय लागलं. भ्यालं. माझं पोरगं भ्यालं. आन् मी..."

तिथं आवाज तुटला. कर्णे खरखरले आणि गप्प झाले. मी वळून पाहिलं. धैर्यशीलचे कान लालभडक झाले होते आणि बोटं लॅपटॉपवर होती. त्यानं सर्व्हर बंद करून दसऱ्याच्या स्नॅपशॉटवर मागं नेला होता.

त्याला मी नंतर एकदाच विचारलं. म्हणाला, "सर्व्हिस बिघडली होती. आमच्यात आधी चालू स्थितीवर आणतात, मग कारण शोधतात." ते खरं आहे, त्यांच्यात तसंच करतात. नुसतं ते थांबणं परत वाढवलं असतं तरी काम झालं असतं, हेही खरं आहे. दोन हजार माणसांसमोर बाप असं बोलल्यावर कुठल्या मुलाला ते सुचेल, मला माहीत नाही. मला त्याचा फार राग येतो आणि त्याच्याबद्दल फार वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

दोन मिनिटांनी सर्व्हर परत आला. धैर्यशील आबांजवळ आला आणि म्हणाला, "बोला आबा, आता काही नको ते बाहेर पडणार नाही."

आबांनी डोळे मिटून जोर लावला. स्पीकरमधून त्यांच्याच आवाजात आलं, "कडप. रिटा रिटा. माळ्प."

धैर्यशीलला वाटलं, नेटवर्क. मग वाटलं, डबी. समितीच्या गाडीतून आम्ही तसेच मिरजेला गेलो. वाटेत आबा सारखे बोलायचा प्रयत्न करत होते आणि गाडीभर तो भरड्यासारखा आवाज येत होता. शेवटी मीच स्पीकर काढून पर्समध्ये ठेवला.

डॉक्टर मुजावरांनी जाळीचे संकेत पडद्यावर लावले आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. मग म्हणाल्या, "तुम्ही मागं कधीचं नेलंत?"

"दसऱ्याचं," धैर्यशील म्हणाला. "त्यानंतर ते थांबणं काढलं तेवढंच, बाकी मी काहीच बदल केला नव्हता."

"तुम्ही नसेल केला. यांनी केला ना." त्यांनी आबांकडं बोट केलं. "प्रणाली रोज यांना शिकते, तसे हेही रोज प्रणालीला शिकतात. कसा हुकूम दिला की चटकन शब्द निघतो, हे मेंदू शोधत जातो आणि आपली जुनी पद्धत सोडून देतो. अर्धं काम सर्व्हरवर होतं, अर्धं डोक्यात. तुम्ही सर्व्हर दसऱ्याला नेलात. डोकं चैत्रातच राहिलं."

"मग पुन्हा शिकवू की. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दाखवली. जाळीभोवती मेंदू हळूहळू पातळ पापुद्रा धरतो आणि संकेत अंधूक होत जातात. दसऱ्याला ते ठळक होते. रोज थोडे अंधूक होत गेले आणि प्रणाली रोज तेवढी सरावत गेली, म्हणून कुणाला जाणवलं नाही. आता इतक्या अंधूक संकेतांवरून कोऱ्या पाटीवर शिकवता येत नाही. जाळी काढून नवी बसवायची, तर त्या वयात त्या जागेला पुन्हा हात लावायला त्या तयार नव्हत्या.

"मागं न्यायचं नसतं, हे तुम्ही सांगायला हवं होतं," धैर्यशील म्हणाला.

"आम्हाला सुचलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "आमच्या यंत्रात मागं न्यायची सोयच नाही."

मग सगळी आशा एका गोष्टीवर आली. मैदानातला, बिघडलेला म्हणून टाकून दिलेला सर्व्हर. त्यात आबांचं सहा महिन्यांचं शिकणं होतं. मागं नेण्यापूर्वी त्याचा स्नॅपशॉट का घेतला नाहीस, असं मी धैर्यशीलला विचारलं. "एकच ठेवता येतो. चांगला पुसून बिघडलेल्याचा कोण ठेवतं?" तो म्हणाला. त्यानं सर्व्हरवाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलली. मागं नेलं की जुनी जागा मोकळी होते, ती लगेच त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या ग्राहकांना जाते, त्यावर केव्हाच दुसरं काही लिहिलं गेलं असेल. "तुमच्या शेजारच्या भागात कोण आहे ते आम्ही सांगू शकत नाही, सर," ती म्हणाली. "प्रायव्हेट असतं ते." आबांचे शब्द पुसून तिथं कुणाच्या तरी बुटांच्या दुकानाचे फोटो चढले असतील. मी गाडीत बसून मोठ्यानं रडले. धैर्यशील रडला नाही आणि मला त्याचीच भीती वाटली.

आबांनी महिनाभर प्रयत्न केला. रोज सकाळी मी कुस्ती लावायचे, ते डोळे मिटून जोर लावायचे, आणि त्यांच्या आवाजात ती भरड बाहेर पडायची. एके दिवशी त्यांनी डाव्या हातानं डबी काढली, माझ्या हातात दिली आणि टीव्हीकडं बघून मान हलवली. नको.

धैर्यशील मात्र एका वाक्याला धरून बसला. आन् मी. रोज कामाला जाण्यापूर्वी तो आबांसमोर स्टूल ओढून बसायचा.

"आबा, आणि मी तुला मारलं, असं म्हणायचं होतं?"

आबा मान हलवायचे. नाही.

"आणि मी तुला खांद्यावर घेऊन घरी आणलं?"

नाही.

"आणि मी परत कधी तुला तालमीत नेलं नाही? आणि माझं चुकलं? आणि मला तुझी लाज वाटली?"

नाही. नाही. नाही. त्या दिवसाचं धैर्यशीलला स्वतःला रडण्याखेरीज काही आठवत नव्हतं. सासूबाई असत्या तर सांगितलं असतं. रोज तो नवी वाक्यं घेऊन यायचा. जेवण तुटलं, गिऱ्हाइकांचे फोन उचलेनासा झाला. आबाही थकत चालले. स्टूल ओढल्याचा आवाज आला की त्यांचा डावा हात खुर्चीची कड घट्ट धरायचा. मी धैर्यशीलला म्हटलं, "पुरे कर. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." तो म्हणाला, "केतकी, दोनच उत्तरं देता येतात त्यांना. कधीतरी मी बरोबर वाक्य म्हणेनच."

परवा सकाळी मी चहा घेऊन सोप्यात आले तेव्हा आबा मान हलवत होते. हो म्हणून. धैर्यशीलनं त्यांचा गुडघा धरला होता आणि "खरंच आबा? खरंच?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. आबांनी परत हो केलं. त्यानं आबांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. मग उठला, तोंड धुतलं, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला आणि कामाला गेला. जाताना मला म्हणाला, "आणि मी तुझ्याबरोबर रडलो, असं म्हणणार होते ते. मला वाटलंच होतं." आता तो विचारत नाही. स्टूल परत स्वयंपाकघरात गेलं आहे.

मी त्याला काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. सोप्यात पाऊल टाकण्याआधी मी दारातच उभी होते. धैर्यशील "आणि मी तुझ्या" एवढंच म्हणाला होता, आणि तेवढ्यातच आबांनी हो म्हणून मान हलवली होती.